शेजारच्या आजींनी दिलेल्या जपानी बाहुल्या : मांडायच्या कशा, ठेवायच्या कुठे?

कैरीपन्हं (१४ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:३५)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

आम्ही जपानात सायतामाला राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या, पसारा तीन खोल्यांचा. शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात. मार्चअखेर त्या वृद्धनिवासात जाणार आहेत, त्यामुळे महिनाभर त्यांची आवराआवर चालू आहे. परवा संध्याकाळी दार वाजलं. आजी उभ्या, आणि मागे हमालाच्या ढकलगाडीवर चार मोठे खोके. "तुमच्या मुलीला," एवढंच म्हणाल्या. माझी लेक चार वर्षांची.

आत त्यांच्या लेकीच्या हिना बाहुल्या! पुरा सात पायऱ्यांचा संच: पंधरा बाहुल्या, स्टीलचा घडीचा सांगाडा, लाल कापड, सोनेरी पडदा, दिवे, आणि हरवायलाच जन्माला आलेल्या बारीकसारीक वस्तू. ३ मार्चला हिनामात्सुरी, म्हणजे मुलींचा सण. पाळणाघरातून लेक दरवर्षी कागदाचे राजाराणी करून आणते आणि आम्ही ते फ्रिजला चिकटवतो. आमची मजल आजवर तेवढीच.

काल ती झोपल्यावर एक खोका उघडला. डांबरगोळ्यांचा वास घरभर. प्रत्येक बाहुलीच्या चेहऱ्याला मऊ पातळ कागद गुंडाळून वर दोऱ्याची सैल गाठ. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र शोवा ५० सालचं, म्हणजे १९७५. एकीचा कागद सोडला तर आत पांढराशुभ्र चेहरा, आणि भुवयाच नाहीत! पुसल्या गेल्या की काय, म्हणून मी घाबरून पुन्हा गुंडाळून ठेवली.

तर एक, मांडणी कशी असते ते कुणीतरी सांगा. दुसरं म्हणजे, फोनवर सासूबाईंना दाखवल्या तर त्या पुण्याहून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या मुलीच्या बाहुल्या? त्यांची इडापिडा आपल्या घरात कशाला?" मी हसण्यावारी नेलं, पण आजी देताना इतक्या गप्प का होत्या ते मनातून जात नाहीये. आणि तिसरं, सण झाल्यावर हे चार खोके ठेवू कुठे?

---

निशिकासाईकर (१५ फेब्रुवारी, सकाळी ७:१०)

आधी भुवयांचं. घाबरू नका, ती तशीच असते. दुसऱ्या पायरीवर तीन दरबारी स्त्रिया असतात, सान्निन कान्जो. मधली लग्न झालेली, म्हणून तिच्या भुवया काढलेल्या. काही जुन्या संचांत तिचे दात काळेही असतात. जुन्या जपानात विवाहितेची ती खूण होती. आपल्याकडे दातवण होतंच की.

आता वरून खाली. सर्वांत वर राजाराणी, मागे सोनेरी पडदा, दोन्ही बाजूंना दिवे. दुसरीवर या तिघी, हातांत साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायची भांडी. तिसरीवर पाच वादक मुलं, गोनिन बायाशी. चौथीवर दोन दरबारी रक्षक, एक म्हातारा नि एक तरुण. म्हातारा पांढऱ्या दाढीचा, तो तुमच्या उजव्या हाताला. पाचवीवर तीन गडी: एक हसतो, एक रडतो, एक रागावलेला. शेजारी दोन झाडं, उजव्या हाताला चेरी, डाव्या हाताला ताचिबाना नावाचं संत्र्याच्या जातीचं झाड. सहावीवर रुखवत, सातवीवर पालखी आणि बैलगाडी.

"रुखवत" मी उगाच म्हणत नाही. कपाट, पेटारा, आरशाचं मेज, शिवणाची पेटी, शेगडी, चहाची भांडी, सगळं नवरीबरोबर जायचं सामान.

वादकांत सगळे गोंधळतात. तुमच्या उजवीकडून सुरुवात करा: पंखा घेतलेला गाणारा, मग बासरी, मग खांद्यावरचा छोटा ढोलका, मग मांडीवरचा मोठा, शेवटी काठ्यांनी वाजवायचा ताइको. उजवीकडून डावीकडे आवाज वाढत जातो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आणि मांडा १८ तारखेला. यंदा त्या दिवशी 'उसुई' आहे. बर्फ सरून पाऊस सुरू व्हायचा पंचांगातला दिवस, बाहुल्या मांडायला शुभ धरतात. २ मार्चच्या रात्रीपर्यंत ताटकळू नका. आदल्या रात्री घाईने मांडणं इथे वाईट मानतात.

---

पोफळी (१५ फेब्रुवारी, सकाळी ९:०२)

राजा डावीकडे की उजवीकडे? मी दोन्ही फोटो पाहिलेत.

---

निशिकासाईकर (१५ फेब्रुवारी, सकाळी ९:२०)

दोन्ही बरोबर. क्योतोकडे राजा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. राजा दक्षिणेकडे तोंड करून बसणार, म्हणजे त्याची डावी बाजू पूर्वेची, उगवतीची, म्हणून मानाची. पुढे दरबाराने पाश्चात्त्य पद्धत उचलली, राजा राणीच्या उजवीकडे उभा राहू लागला, आणि तोक्योकडच्या बाहुल्यांनीही जागा बदलल्या. धागाकर्ती सायतामात, तेव्हा राजा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. रक्षक आणि झाडं मात्र जुन्याच जागी राहिली. बदल्या फक्त वरिष्ठांच्या झाल्या.

---

मैना_तंजावरची (१५ फेब्रुवारी, सकाळी १०:४१)

पायऱ्या, बाहुल्या, लाल कापड... हे तर आमचं नवरात्रात मांडायचं कोलू!

---

काकडआरती (१५ फेब्रुवारी, दुपारी १:१५)

दिसायला बहीण, पण वंश वेगळा. कोलूत देव बसतात. इथे देव एकही नाही, सगळा राजदरबार.

मला लिहायचंय ते सासूबाईंच्या शंकेबद्दल. कैरीपन्हं, हसण्यावारी नेऊ नका. या बाहुल्यांच्या मुळाशी त्यांनी नेमकं बोट ठेवलंय.

चिनी पंचांगातून जपानात तिसऱ्या महिन्यातला पहिला 'सर्पदिन' आला, पुढे तो ३ तारखेला पक्का झाला. त्या दिवशी नदीवर जाऊन अंगावरची पीडा धुवायची. हेइआन काळात, म्हणजे ७९४ ते ११८५, लोक कागदाची नाहीतर गवताची माणसाच्या आकाराची बाहुली घेत, अंगावरून फिरवत, तिच्यावर फुंकर मारत आणि पाण्यात सोडून देत. आपण काय करतो? ओवाळून टाकतो. तेच ते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या गेन्जीच्या कथेत सुमा नावाचं प्रकरण आहे. त्यात गेन्जी समुद्रकाठी वनवास भोगतोय, आणि याच दिवशी एक मोठी बाहुली होडीत घालून समुद्रात सोडली जाते. लगेच वादळ उठतं.

त्याच काळात दरबारातल्या मुली 'हीना' नावाच्या छोट्या बाहुल्यांशी भातुकली खेळत. हळूहळू या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. टाकायची बाहुली ठेवायची झाली, आणि एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, पायऱ्या चढून बसली.

तोत्तोरीतल्या मोचिगासे गावात अजूनही नदीत सोडतात. भाताच्या पेंढ्याची वाटोळी चटई, त्यावर लाल कागदी कपड्यांची जोडी, पीचची डहाळी, आणि सेन्दाइ नदीचा प्रवाह. ते ३ मार्चला नाही हं, जुन्या पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला. यंदा ३१ मार्च.

---

उंबरठा (१५ फेब्रुवारी, दुपारी २:३०)

३१ मार्च? कालनिर्णय उघडून बघितलं. यंदा त्या दिवशी चैत्र शुद्ध तृतीया, आपली चैत्रगौर बसते तो दिवस!

मग २०२४ तपासलं. गुढीपाडवा ९ एप्रिल, तृतीया ११ एप्रिल. जपानी जुनं पंचांगही ११ एप्रिलच म्हणतंय. २०२३ ला मात्र महिन्याचा फरक पडला, त्यांच्याकडे अधिक महिना नेमका तिथेच आला होता.

माझी आई चैत्रात कोनाड्यापुढे खोके रचून पायऱ्या करायची, वर तिचा शालू. झोपाळ्यात गौर, खाली माझ्या सगळ्या बाहुल्या, शिंपले, कापसाचे ससे, कलिंगडाचं कमळ. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कैरीची डाळ नि पन्हं. कुणी कुणाकडून घेतलं असं मी मुळीच म्हणत नाहीये. फक्त एकाच चंद्राखाली दोन घरांत पायऱ्या मांडल्या जात होत्या, एवढंच. धागाकर्तीचं नाव कैरीपन्हं असावं, हा योगायोग वेगळा.

---

काकडआरती (१५ फेब्रुवारी, दुपारी २:४८)

वा! पंचांगाचं मला सुचलंच नव्हतं. दोन्ही चांद्र-सौर, अमावास्येनंतर महिना सुरू करणारी, त्यामुळे बऱ्याच वर्षी जुळत असणार. हिनामात्सुरीला 'पीचचा सण' म्हणतात त्याचंही उत्तर यात आहे. १८७३ मध्ये मेइजी सरकारने इंग्रजी पंचांग घेतलं आणि बहुतेक ठिकाणी सण ३ मार्चला सरकला. पीच काही सरकले नाहीत. आता ३ मार्चला दुकानात मिळतात त्या उबेत ठेवून लवकर फुलवलेल्या डहाळ्या.

---

खडूस_काका (१५ फेब्रुवारी, रात्री ८:१९)

सगळे हळवे झाला आहात म्हणून थोडं पाणी ओततो.

जपानातले दुकानदार सांगतात की प्रत्येक मुलीला स्वतःचा संच हवा, आईचा चालत नाही, कारण बाहुली त्या त्या मुलीची पीडा अंगावर घेते. धाकटीलाही वेगळा. सोयीचा धर्म आहे हा! पहिल्या मुलीच्या पहिल्या सणाला संच द्यायचा तो आईच्या माहेरच्यांनी, ही रीत ऐकल्यावर मला आपल्याकडचे मुलीचे बाप आठवले. प्रत्यक्षात आईच्या, आजीच्या बाहुल्या मांडणारी घरं भरपूर आहेत आणि त्या मुली ठणठणीत आहेत.

दिखाव्याचा सोस तर पुराणा. क्योहो काळात, म्हणजे १७१६ ते १७३६, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरी बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने आठ सुनांपेक्षा उंच बाहुलीला बंदी घातली. घाबरू नका, सुन हे माप आहे, आठ सुन म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? बोटभर बाहुल्या करवल्या आणि त्यांना लाखकामाचं नखाएवढं सामान. आकार लहान, किंमत मोठी. कायदा पाळला, ऐट सोडली नाही.

---

झुंबर (१५ फेब्रुवारी, रात्री ९:०५)

काकांचं बरोबर आहे, पण ज्यांना परवडत नव्हतं त्यांचंही सांगते. इझूच्या किनाऱ्यावर इनातोरी गाव आहे. तिथे आया-आज्या जुन्या किमोनोच्या चिंध्यांतून लहान लहान वस्तू शिवत आणि लाल दोऱ्यांना ओवून टांगत. माकड, पीच, मिरची, ससा. त्यांना त्सुरुशी हिना म्हणतात. मी बघितलं तेव्हा एका झुंबरात विटलेलं निळं कापड दिसलं, मधोमध रफू केलेलं. कुणाच्या तरी अंगावरचं असणार. राजाराणीपेक्षा माझे डोळे तिथेच जास्त वेळ राहिले.

---

शिवणटिपण (१६ फेब्रुवारी, सकाळी ६:५५)

हाताळण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी इथे दोन वर्षं बाहुल्यांचे कपडे शिवायला शिकले.

चेहरा चिनी मातीचा नाही. किरी झाडाच्या लाकडाचा भुसा गव्हाच्या खळीत मळून डोकं साच्यात काढतात, त्यावर 'गोफुन'चे एकावर एक थर. गोफुन म्हणजे कालवांच्या शिंपल्यांची पूड, जनावरांच्या सरसात कालवलेली. सरस पाण्यात सुटतो, म्हणून ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. बोटंही नको, घामाचे डाग महिन्यांनी पिवळे दिसतात. सुती मोजे घाला, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका, धरताना कमरेखाली धरा.

आणि डांबरगोळ्या! खोक्यात आधी कोणत्या होत्या ते माहीत नसेल तर शेजारी कापूर टाकू नका. डांबर आणि कापूर एकत्र आले की पाझरतात आणि रेशमावर तेलकट डाग पडतात. आधी सगळ्या काढा, एक दिवस वारा लागू द्या, मग एकच प्रकार ठेवा.

सायतामात आहात तर इवात्सुकीला जा. बाहुल्या करणाऱ्यांचं गाव, २०२० पासून तिथे बाहुल्यांचं संग्रहालयही आहे. निक्कोचं तोशोगू मंदिर बांधायला आलेले कारागीर परतताना तिथे राहिले, असं सांगतात. जवळपास किरीची झाडं होती आणि गोफुनला चांगलं पाणी होतं.

---

तिसऱ्या_मसाला (१६ फेब्रुवारी, सकाळी ११:३०)

इतके प्रतिसाद आणि खाण्याबद्दल एक ओळ नाही. हा मराठी धागाच आहे ना?

---

निशिकासाईकर (१६ फेब्रुवारी, सकाळी ११:५२)

चिराशीझुशी, म्हणजे आंबटगोड भातावर भाज्या, अंडं, मासे पसरलेले. हिशीमोची, हिरवा-पांढरा-गुलाबी शंकरपाळ्याच्या आकाराचा तांदळाचा केक. खाली कोवळं गवत, मधे बर्फ, वर पीचचा बहर. हिना आरारे म्हणजे रंगीत चुरमुरेच म्हणा. तोक्योकडे गोड, ओसाकाकडे खारे. मोठ्यांना गोड पांढरी साके. आणि खास तुमच्यासाठी हामागुरी, म्हणजे मोठ्या शिंपल्यांचं सार. त्या शिंपल्याची दोन झाकणं फक्त एकमेकांवरच बसतात, तिसरं कुठलंही बसत नाही, म्हणून मुलीला जोडीदार तसा मिळो.

---

तिसऱ्या_मसाला (१६ फेब्रुवारी, दुपारी १२:०१)

आम्ही आयुष्यभर शिंपल्या खाल्ल्या आणि झाकणं फेकली. लग्नं अशी का झाली ते आज कळलं.

---

कैरीपन्हं (१८ फेब्रुवारी, रात्री १०:२०)

मांडल्या! सात पायऱ्या शक्यच नव्हत्या, सांगाडा लावला असता तर आम्हाला गॅलरीत झोपावं लागलं असतं. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, वर खोके रचून तीन पायऱ्या केल्या आणि लाल कापड टाकलं. राजाराणी, तिघी, पाच वादक. गडी आणि रक्षक पुस्तकांच्या कपाटात. रुखवताचं कपाट एवढंसं, पण त्याचे खण खरोखर उघडतात! एका खणात केसांची पिन सापडली, खऱ्या मुलीची, प्लास्टिकच्या लाल चेरीची. ती आजींना नेऊन दिली. त्यांनी मुठीत धरली, बोलल्या काहीच नाहीत.

काकडआरती, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना जसाच्या तसा वाचून दाखवला. मला वाटलं, आता प्रकरण चिघळणार. त्या म्हणाल्या, "मग त्यात काय, मीठमोहऱ्या ओवाळून टाक की आधी." फोन समोर धरून चारही खोक्यांवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. लेक म्हणते, बाहुल्यांना नजर लागते का?

---

काकडआरती (१८ फेब्रुवारी, रात्री १०:४४)

सासूबाईंना नमस्कार. इथेही बाहुली निरोपाला काढताना मीठ शिंपडतात. मोहऱ्या तेवढ्या आपल्या.

---

दूरचा_पांथस्थ (१९ फेब्रुवारी, सकाळी ८:३०)

तिसरा प्रश्न राहिला म्हणून. या देशात लाखो घरांच्या माळ्यांवर असे खोके आहेत. मुली मोठ्या झाल्या, घरं लहान झाली, आणि चेहरा असलेली वस्तू कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. म्हणून निंग्यो कुयो, म्हणजे बाहुल्यांचा निरोपविधी. तोक्योत मेइजी देवळात ऑक्टोबरमध्ये होतो. क्योतोत होक्योजीमध्ये १४ ऑक्टोबरला. राजकन्या तिथे भिक्षुणी होऊन राहायच्या, त्यांना राजवाड्यातून बाहुल्या यायच्या, म्हणून त्याला बाहुल्यांचं मंदिरच म्हणतात.

वाकायामाजवळ कादाच्या आवाशिमा देवळात मी एकदा गेलो होतो. आवारभर बाहुल्या, ओळीच्या ओळी, सगळ्या समुद्राकडून येणाऱ्याकडे बघत. ३ मार्चला त्यांतल्या काही लाकडी होड्यांत भरून समुद्रात सोडतात. एका होडीत एवढ्या दाटीने बसवल्या होत्या की एका राणीचा मुकुट शेजारणीच्या केसांत अडकला होता, आणि एक बाई वाकून तो सोडवत होती. पाच मिनिटांत होडी जाणार होती, तरी सोडवत होती.

दुसरा रस्ता गावांना देण्याचा. चिबातल्या कात्सुउराला तोमिसाकी देवळाच्या ६० पायऱ्यांवर साधारण १८०० बाहुल्या मांडतात. रोज सकाळी बाहेर, संध्याकाळी पुन्हा आत. त्यांतल्या कितीतरी कुणाच्या तरी माळ्यावरून आलेल्या.

---

झुंबर (१९ फेब्रुवारी, सकाळी ९:१०)

बाहुल्या टाकण्यावरून आठवलं. १९२७ मध्ये अमेरिकेतून इथल्या मुलांना मैत्री म्हणून बारा हजारांवर बाहुल्या आल्या होत्या, हिनामात्सुरीच्या मुहूर्तावर. जपानने उलट ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या. पुढे युद्धात त्या अमेरिकन बाहुल्या शत्रू ठरल्या, बहुतेक जाळल्या गेल्या. काही शिक्षकांनी लपवून ठेवल्या, म्हणून तीनशेच्या वर आज शिल्लक आहेत.

---

खडूस_काका (१ मार्च, सकाळी ९:४५)

कैरीपन्हं, ४ तारखेला सकाळी आवरा बरं. उशीर झाला तर मुलीचं लग्न उशिरा होतं म्हणतात. चार वर्षांची आहे, अजिबात वेळ नाही.

---

कैरीपन्हं (७ मार्च, रात्री ११:१०)

काका, वेळ गेली. ३ तारखेला पाऊस, ४ ला संध्याकाळी बर्फ, ५ ला पुन्हा पाऊस. शिवणटिपणताईंनी व्यनिमध्ये, म्हणजे खासगी निरोपात, दम दिला होता की दमट हवेत भरल्यात तर बुरशी येईल. आज ऊन पडलं तेव्हा भरल्या.

३ तारखेला आजींना जेवायला बोलावलं. चिराशीझुशी दुकानातली, सार माझं, आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर नैवेद्याला शिरा. आजी आल्या, बाहुल्यांसमोर गुडघ्यांवर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग हात पुढे करून दोन ढोलकवाल्यांची अदलाबदल केली. एवढं सगळं वाचूनही मी चुकवलंच होतं.

लग्नाचं मी विचारलं. म्हणाल्या, "मी दरवर्षी ४ तारखेला सकाळी आवरलं, एकदाही चुकले नाही. लेक ओसाकात आहे. एकटीच. मजेत आहे." आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. शिरा दोनदा घेतला.

तीन खोके आमच्या पलंगाखाली बसले. चौथा सांगाड्याचा, तो इवात्सुकीला विचारून बघणार आहे. आज भरताना एक बाहुली कमी आली. शोधलं तर रडका गडी लेकीने भाताच्या कुकरशेजारी नेऊन बसवला होता. खोक्यात अंधार असतो, तो आणखी रडेल म्हणे. चौदा भरल्या. तो तिथेच आहे.